ओले अक्रोड

परवा संध्याकाळी विट्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या श्रीनगरहून आलेल्या एका पोरानं फोन केला. "काकी, मौजीनं पिशवी धाडलीया. घरी जाऊन अंघोळ करून येऊ, का आत्ताच आणून देऊ?" मी म्हटलं, आत्ताच ये. श्रीनगरहून पुण्यापर्यंत विमानानं आणि तिथून एसटीनं आलेली पिशवी बुडाशी ओलसर झाली होती. आत उर्दू वर्तमानपत्रांच्या गुंडाळीत पाच किलो हिरवे अक्रोड. निम्म्यांची साल तडकलेली, काहींची काळी पडून मऊ झालेली. पिशवीचं तोंड सोडलं आणि तो वास आला. थोडा कैरीच्या डेखाचा, थोडा आयोडिनचा, थोडा कुजत्या पाचोळ्याचा. विट्यात दुसऱ्या कुठल्याच वस्तूला तो येत नाही.

आई खाटेवर पडून होती. डोळे न उघडताच म्हणाली, "अक्रोड आलं व्हय?"

आपल्याकडं अक्रोड म्हणजे वाण्याकडचा किंवा दिवाळीच्या डब्यातला. तपकिरी, सुरकुतलेला, बऱ्याचदा जिभेवर थोडा खवट. झाडावरून उतरवलेला ओला अक्रोड इकडं फारसा कुणी पाहिलेला नसतो. शेतातनं नुकत्या उपटलेल्या वेलाची ओली शेंग आणि दुकानातला भाजका शेंगदाणा यांत जेवढं अंतर, त्याहून जास्त अंतर या दोन अक्रोडांत आहे. आईनं पहिल्यांदा ओला अक्रोड खाल्ला तेव्हा ती म्हणाली होती, "ओल्या शेंगंगत लागतंय की गं." खानापूर तालुक्यातल्या बाईला दुसरी कुठली उपमा सुचणार.

आम्ही गलाईवाले. आमच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गेल्या तीन-चार पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या कामाला देशभर पांगली आहेत. सराफाकडचं जुनं, मिसळीचं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून त्यातलं हीण काढायचं, शुद्ध करून परत द्यायचं. केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्यात जा, एखाद्या बोळात भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढचा माणूस विटा, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मराठी बोलत असतो. माझे आबा 1980 साली श्रीनगरला गेले. लाल चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांनी दुकान मांडलं आणि पुढच्या वर्षी आईला आणि मला नेलं. मी चार वर्षांची होते. झेलमच्या काठाजवळच्या एका जुन्या घरात वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. घरमालकीण म्हणजे मौजी. काश्मिरीत मौज म्हणजे आई. तिची मुलं तिला मौजी म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले, आणि पुढं आबाही तिला मौजीच म्हणायचे. खरं तर ती त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल.

मौजीचं माहेर कंगनकडं, सिंध नाल्याच्या काठी. तिथं तिच्या भावाच्या अंगणात अक्रोडाची तीन झाडं होती, पणजोबांनी लावलेली. अक्रोडाचं बी रुजवलेलं झाड फळायला दहा-बारा वर्षं सहज घेतं, आणि एकदा फळायला लागलं की माणसांच्या पिढ्या मोजत उभं राहतं. काश्मिरात हे झाड मालकालाही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. 1969 च्या कायद्यानं त्याला परवानगी लागते. त्या तीन झाडांखाली दुसरं काही धड उगवत नसे. मुळातून, पानांतून, सालीतून उतरणारा रस शेजारच्या रोपांना मारतो. मौजी म्हणूनच आम्हा पोरांना दटावायची, सोललेली हिरवी साल हाकच्या वाफ्यात टाकायची नाही. हाक म्हणजे तिकडची पालेभाजी, रोजच्या ताटातली.

सप्टेंबर लागला की अक्रोड झोडायला सुरुवात होते. मी आठ वर्षांची असताना आम्ही सगळे एकदा त्या गावी गेलो होतो. साठ-सत्तर फूट उंच झाडाच्या टोकाशी माणसं चढलेली, हातात लांब काठ्या, पायाखाली निसरडी फांदी, कमरेला दोर नाही. दरवर्षी या दिवसांत खोऱ्यात कुणी ना कुणी अक्रोडावरून पडतो, मरतो किंवा जन्माचा खाटेला खिळतो. मौजीचा भाऊ विशीत पडला होता. तो लंगडत यायचा आणि खाली उभा राहून वरच्यांना ओरडून सांगायचा, कुठल्या फांदीवर भार टाकू नका. फळं गवतावर पडताना येणारा धप्प धप्प आवाज आणि त्या माणसाचा घोगरा ओरडा, दोन्ही मला अजून ऐकू येतात. झोडलेली फळं ढीग करून झाकून ठेवत. साल सुटायला लागली की काठीनं बडवून, पायानं चोळून ती काढायची आणि अक्रोड टोपल्यांत भरून वाहत्या नाल्यात खळखळून धुवायचे. पाणी खाली कितीतरी लांबपर्यंत काळं वाहत जायचं.

आमच्या वाट्याचं पोतं साल काढायच्या आधीच घरी यायचं, कारण मौजीला सगळं स्वतःच्या हातानं करायचं असायचं. व्हरांड्यात जुनी चटई पसरायची. साल तडकलेले अक्रोड एका बाजूला; त्यांची साल बोटानं दाबली तरी निघते. न तडकलेले गोणपाटात गुंडाळून दोन-तीन दिवस ठेवायचे, फार नाही. जास्त राहिले तर कुजक्या सालीचा रस कवचातून आत उतरतो आणि गर काळा, कडू होतो. न तडकलेल्यांची घाई असेल तर सुरीनं कमरेभोवती गोल चीर देऊन दोन्ही अर्ध्या साली उलट्या दिशेनं पिळायच्या. मग बादलीत टाकून काथ्यानं घासायचे. बादलीत जो तरंगतो तो बहुतेक पोकळ किंवा किडका. तो काढून टाकायचा. ही पारख ओल्याचीच. वाळल्यावर चांगला अक्रोडसुद्धा पाण्यावर तरंगतो.

आणि हात. सोलताना निघणारा रस आधी पाण्यासारखा असतो, कळतसुद्धा नाही. अर्ध्या तासानं बोटं पिवळसर दिसतात, जेवायला बसेपर्यंत तपकिरी, सकाळी उठावं तर काळीकुट्ट. हवा लागली की तो रंग पक्का होतो. तिकडं लोकर रंगवायलासुद्धा ही साल वापरतात. साबण, लिंबू, चिंच, रॉकेल, आईनं सगळं करून पाहिलं. तो रंग धुऊन जात नाही. कातडीच झडून नवी येते तेव्हा जातो, पंधरा दिवस तरी लागतात. सप्टेंबरात आमच्या शाळेत निम्म्या पोरींचे हात काळे असायचे आणि बाई कुणाला रागवत नसत.

आबांचे हात मात्र बाराही महिने काळे असत.

गलाईच्या कामात तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. त्यात सोन्यातली चांदी विरघळून तिचं पाणी होतं. ते पाणी कातडीला लागलं की लगेच काही होत नाही, उजेड लागला की काळे डाग उठतात. नुसतं तेजाब लागलं तर कातडी पिवळी पडून सोलवटते. आबांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं अशी होती की नखांच्या मुळापर्यंत काळं आणि मध्ये मध्ये पिवळट भेगा. गावाकडं लग्नाला आले की ते हात मागं बांधून उभे राहायचे. पंगतीत वाढायला कधी उठायचे नाहीत. एकदा माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात सोयऱ्यांपैकी कुणीतरी विचारलं, "पाव्हणं, हाताला काय झालंय?" आबा हसले आणि त्यांनी हात सदऱ्याच्या खिशात घातला. तो खिशातला हात मी विसरलेले नाही. त्या दिवशी मीही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले नाही. नऊ-दहा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं की आपल्याला लाज वाटते आहे, आणि तेही कळत होतं की ते आबांना समजलं आहे.

श्रीनगरच्या त्या व्हरांड्यात सप्टेंबरात एक दिवस असा यायचा की आबा दुकान लवकर बंद करून येत आणि चटईवर मांडी घालून बसत. एकदा मौजीनं सोलता सोलता आपला काळा हात पुढं केला, आबांचा हात मनगटाला धरून आपल्या हाताशेजारी ठेवला आणि आम्हाला म्हणाली, "देखो, एक जैसे." आबांनी हात मागं घेतला नाही. दोन्ही हात चटईवर बराच वेळ तसेच होते. मग ती तिच्या हिंदीत म्हणाली, माझा पंधरा दिवसांनी गोरा होईल, तुझा होणार नाही, म्हणून तू जास्त खा. आई तोंडाला पदर लावून हसली. आबा इतके मोकळे हसलेले मी क्वचित पाहिले.

अक्रोड फोडायचं काम आबांचं. मौजी म्हणायची, हातोडीनं फोडशील तर चटणीच होईल. कागजी जातीचे तर मुठीत दोन घेऊन दाबले तरी फुटतात. बुर्झुल जरा टणक. आणि वोंठ म्हणून एक जात आहे ती दगडासारखी, तिच्यातला गर सुईनं टोकरावा लागतो. आबा अक्रोडाच्या बुडाशी, जिथं दोन पाळ्यांची शिवण असते तिथं, सुरीचं टोक बसवून एक हलकी पीळ द्यायचे. कवच दोन वाट्यांसारखं उघडायचं. मग दुकानातला बारीक चिमटा घेऊन मधला पडदा आधी काढायचे, आणि चारही पाकळ्यांचा गर अख्खा बाहेर यायचा, न मोडता. मांडीखाली धुतलेलं फडकं पसरलेलं असायचं. गलाईच्या दुकानात सोन्याचा कण वाया जाऊ देत नाहीत. जमिनीवरची धूळसुद्धा झाडून, साठवून ठेवतात, तिच्यातूनही सोनं निघतं. तीच सवय. शेवटी ते फडक्याची चार टोकं उचलत, कवचाचा चुरा निवडत आणि अक्रोडाचा तांदळाएवढा तुकडासुद्धा वेचून माझ्या तळहातावर ठेवत. कवचं बुखारीत, म्हणजे तिकडच्या शेकायच्या शेगडीत, जाळायला पोत्यात भरून ठेवायची.

ओल्या गरावर एक पातळ साल असते, फिकट पिवळी. ती भयंकर कडू आणि तुरट. नवखा माणूस तो गर तसाच खातो, तोंड वाकडं करतो आणि ओला अक्रोड वाईट असतो असं सांगत सुटतो. ती साल काढायची असते, आणि ती ओल्यातच निघते. एकदा वाळला की ती गराला अशी चिकटते की नखानं खरवडली तरी सुटत नाही. कोमट पाण्यात गर दहा-पंधरा मिनिटं टाकायचा. मग एका पाकळीच्या कडेला नखानं उचकटून हळू ओढायची. नशीब असेल तर सगळी एका ओढीत येते, सापाच्या कातेसारखी, गराच्या प्रत्येक वळीचा ठसा घेऊन. आत दुधासारखा पांढरा गर. चावला की कर्रकन तुटतो आणि तोंडात गोडसर दूध सुटतं. असा एक अख्खा अक्रोड सोलायला पाच-सात मिनिटं लागतात आणि खायला अर्धं मिनिटही नाही. म्हणून तो स्वतःसाठी कुणी सोलत नाही. मौजी तिच्या नातवंडांसाठी सोलायची, आबा माझ्यासाठी. मी खाईन तेवढे सोलायचे आणि स्वतः सालीसकट खायचे. मला वाटायचं त्यांना कडूच आवडतं.

या दिवसांतच गणपती. आमच्यासारखी सात-आठ बिऱ्हाडं होती, एका घरी गणपती बसायचा. खिरापतीला गावाकडून आणलेलं सुकं खोबरं पुरायचं नाही. आईनं एका वर्षी सोललेला ओला अक्रोड किसून गुळात परतला आणि तळणीच्या मोदकांत भरला. तिकडच्या थंडीत तुपात तळलेले ते मोदक. मौजीनं चार खाल्ले आणि कृती विचारली. त्या बदल्यात तिनं आईला अक्रोडाची चटणी शिकवली, दही, हिरवी मिरची आणि पुदिना घालून दगडावर वाटलेली. आई ती अजून करते, फक्त पुदिना कमी आणि लसूण जास्त.

पलीकडच्या घरात पंडितांचं कुटुंब होतं. महाशिवरात्रीला, त्यांच्या हेरथला, ते घड्यात अक्रोड भिजत घालायचे आणि पूजेनंतर प्रसाद म्हणून सगळ्या आळीत वाटायचे, आमच्याकडं आणि मौजीकडंही. भिजून फुगलेला तो अक्रोड थोडाफार ओल्यासारखा लागायचा. 1989 ची हेरथ शेवटची. त्या डिसेंबरात थंडीच्या सुट्टीला आम्ही नेहमीसारखे गावी आलो आणि मग मी परत गेलेच नाही. ते कुटुंबही त्या हिवाळ्यात गेलं. कुठं गेलं ते मौजीला बरीच वर्षं कळलं नाही. ती त्यांच्या दाराच्या कुलपाला तेल घालायची, गंजू नये म्हणून.

आबांनी दुकान बंद केलं. सात वर्षं इकडं-तिकडं गलाई केली, मन लागलं नाही. 1997 साली ते एकटेच पुन्हा श्रीनगरला गेले. मौजीनं त्यांचा तराजू, मुशी आणि चिमटे जुन्या फेरनमध्ये गुंडाळून वरच्या कोठीत ठेवले होते. आबा सांगायचे, तराजूच्या पारड्यावर धुळीचा कण नव्हता.

त्यानंतर दर सप्टेंबरला कुणाबरोबर तरी पिशवी यायची. आबा इकडं असले तर दोघं मिळून सोलायचो, नसले तर मी एकटी. माझं लग्न झालं, मुलगा झाला, शाळेत नोकरी लागली. मुलानं एकदा हात काळे झाले म्हणून शाळेत जायला नकार दिला. मी त्याला मारलं. एवढ्याशा गोष्टीवर मारलं म्हणून घरातले सगळे चकित झाले, आणि मला कुणाला काही सांगता आलं नाही.

2014 च्या सप्टेंबरात झेलम चढली. 7 तारखेला पाणी शहरात शिरलं. फोन बंद पडले. टीव्हीवर लाल चौक पाण्याखाली दिसत होता आणि आई टीव्हीपुढून उठत नव्हती. आठव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून आबांचा आवाज आला. ते मौजीच्या घरात माडीवर अडकले होते, अकरा माणसं, पाच दिवस. खालची कोठी बुडाली, आणि आदल्या वर्षीचे वाळलेले अक्रोड पाण्याबरोबर वर आले, जिन्याच्या पायऱ्यांवर तरंगत. आबांनी आणि मौजीच्या मुलानं चाळणीनं ते गोळा केले. तांदूळ आणि अक्रोड, पाच दिवस तेवढंच. दुकानात गणपती होता, अनंत चतुर्दशी 8 तारखेला होती. आबा म्हणाले, "विसर्जनाला जायला नको, नदीच दारात आली."

दुकान संपलं. आबा सहासष्ट वर्षांचे होते. ऑक्टोबरात ते कायमचे घरी आले, सोबत फक्त तो बारीक चिमटा. आयुष्यभर तेजाबाची वाफ ओढलेली छाती. पुढची पाच वर्षं ती भात्यासारखी वाजत राहिली, मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. तेजाब सुटलं तसे हात हळूहळू निवळले. नवी कातडी आली, गुलाबी, लहान मुलासारखी. ते कधी कधी हात पुढं धरून बघत बसायचे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. दर रविवारी मौजीला फोन. दोघंही कानानं जड, मोठ्यानं बोलायची, तीच तीच विचारपूस. 2018 ला पिशवी आली तेव्हा आबांनी खाटेवर बसून सतरा अक्रोड सोलले. धाप लागायची, थांबायचे, पुन्हा चिमटा उचलायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना सोललेला पांढरा गर भरवला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "गोड असतंय व्हय हे." चाळीस वर्षं अक्रोड सोललेला माणूस हे म्हणाला.

2019 च्या 5 ऑगस्टला काश्मीरचे फोन बंद झाले. रविवारी आबांनी नंबर फिरवला, लागला नाही. पुढच्या रविवारी नाही. मग ते रोज फिरवायला लागले, दिवसातून तीन-चारदा. यंत्राच्या आवाजात ती एकसुरी सूचना ऐकू यायची. "यंदा अक्रोड येतील का गं?" एवढंच विचारायचे. मी म्हणायची, येतील. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आबा गेले. अजून झोडणी सुरू व्हायची होती.

दहावा झाला, तेरावा झाला, पितृपंधरवडा उलटला. श्रीनगरला कळवायचा मार्ग नव्हता. या जगात एक माणूस असं होतं की ज्याच्यासाठी आबा अजून जिवंत होते, आणि कधी कधी मला त्याचा आधार वाटायचा.

14 ऑक्टोबरला तिकडचे पोस्टपेड मोबाइल सुरू झाले. दुपारी शाळेतून येत होते, फोन वाजला. मौजी. ती सलाम-दुआ न करता म्हणाली, "भाईजान को दो." मी रस्त्याच्या कडेला थांबले. बाभळीला टेकून उभी राहिले आणि सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. मग ती रडत रडत काश्मिरीत बोलायला लागली. मला त्यातलं निम्मंच कळलं. "बलाय लगय" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तुझी इडापीडा मला लागो. शेवटी हिंदीत म्हणाली, त्याच्यासाठी सोलून ठेवलेत, दीड महिना बर्फात आहेत, कुणी येणारा भेटला नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, तिथंच राहिलेला आमचा एक गाववाला परत आला आणि डबा घेऊन आला. वाटेत बर्फ वितळून गर करड्या रंगाचे झाले होते, थोडा वास धरला होता. अख्ख्या पाकळ्या, एकही मोडलेली नाही. आईनं ते आबांच्या फोटोपुढं ठेवले. संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून सगळे खाल्ले. एकही टाकला नाही.

मौजी आता ऐंशीच्या पुढं आहे. नजर गेली आहे, पण पिशवी घेऊन आलेला पोरगा सांगत होता, पिशवी भरताना प्रत्येक अक्रोड हातात घेऊन चाचपत होती. काल मी दिवसभर व्हरांड्यात बसले. आईला दात उरले नाहीत, वाळका अक्रोड तिला जमत नाही. ओल्याचा सोललेला गर हिरड्यांनी चावता येतो. तिच्यासाठी बावीस सोलले. आबांचा चिमटा जरा सैल झाला आहे, पण चालतो. मांडीखाली फडकं होतं. मुलगा पुण्याहून आला होता, तो न सांगता येऊन बसला आणि त्यानं सुरी मागितली. रात्रीपर्यंत त्याचे हात तपकिरी झाले होते. सोमवारी त्याला ऑफिसात जायचं आहे.

पाच किलोत एकशे अकरा अक्रोड निघाले. नऊ तरंगले, ते टाकून दिले. बाकीचे धुऊन आईच्या खाटेखाली पाटीत पसरले आहेत, उन्हात नाही. कडक उन्हानं आतलं तेल लवकर खवट होतं. भादव्याची दमट हवा आहे, म्हणून खालून पंखा लावला आहे आणि सकाळ-संध्याकाळ हलवते आहे. आतला पडदा वाकण्याऐवजी कडकन मोडायला लागला की झाले. घटस्थापनेपर्यंत होतील.